धमनीतला ब्लॉकेज जिवंत असतो

कोलेस्टेरॉल म्हटलं की नळात साचलेला गाळ आठवतो. व्हॉट्सॲपवर फिरणारी चित्रंही तशीच असतात. प्रत्यक्षात ब्लॉकेज वाढतो धमनीच्या भिंतीत, आतल्या अस्तराखाली, आणि त्यात जिवंत पेशींची गर्दी असते. त्यातल्या बऱ्याचशा मॅक्रोफेज, म्हणजे आपल्याच रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या भक्षक पेशी.

एलडीएल म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारा कण, जेमतेम 22 नॅनोमीटरचा. तो भिंतीत अडकून पडला की त्यातल्या स्निग्धाम्लांचं ऑक्सिडीकरण होतं, प्रथिनाचं रूप पालटतं. साधं एलडीएल पेशी ज्या ग्राहीमार्फत (पृष्ठभागावरच्या, ठरावीक रेणू पकडणाऱ्या प्रथिनामार्फत) आत घेतात, तो ग्राही कोलेस्टेरॉल पुरेसं झालं की कमी होतो. पण रासायनिक बदल झालेलं एलडीएल मॅक्रोफेज वेगळ्याच ग्राहीने उचलतात, हे गोल्डस्टीन आणि ब्राऊन या अमेरिकी संशोधकांच्या गटाने 1979 साली दाखवलं. या ‘स्कॅव्हेंजर’ ग्राहीला तसा लगाम नाही. पेशी चरबीच्या थेंबांनी भरून फेसाळ दिसू लागते.

खरी नवलाची गोष्ट पुढेच आहे. अशी पेशी मरेल असं आपल्याला वाटेल, आणि मात्रा फार झाली तर ती मरतेही. पण 1990च्या दशकात जपानमधल्या कुमामोतोच्या संशोधकांना दिसलं, की ऑक्सिडीकृत एलडीएल दिल्यावर उंदरांच्या मॅक्रोफेज चक्क विभाजित होऊ लागतात. ऑक्सिडीकरणात कणाच्या आवरणातल्या फॉस्फॅटिडिलकोलीन या स्निग्ध रेणूचं एक स्निग्धाम्ल तुटतं आणि लायसोफॉस्फॅटिडिलकोलीन उरतं. हा रेणू स्कॅव्हेंजर ग्राहीमार्फत आत पोचतो. मग प्रोटीन कायनेज सी हे पेशीतलं विकर (एन्झाइम) जागं होतं, पेशी जीएम-सीएसएफ हे वाढीचं प्रथिन बाहेर सोडते, आणि तेच प्रथिन त्या मॅक्रोफेजच्या पृष्ठभागावरच्या ग्राहीला चिकटून विभाजनाचा आदेश देतं. बाहेरून कुणी सांगावं लागत नाही!

प्रयोगशाळेतल्या बशीत दिसलेली ही वाढ धमनीत किती महत्त्वाची? उंदरांवरच्या 2013च्या एका अभ्यासात आढळलं, की जुन्या ब्लॉकेजमधल्या मॅक्रोफेजची भर मुख्यतः जागेवरच्या विभाजनातून पडते, रक्तातून येणाऱ्या नव्या पेशींमुळे तितकी नाही.

हे वाचून कुणी ऑक्सिडीकरण रोखणाऱ्या ‘अँटिऑक्सिडंट’ गोळ्या किंवा धमन्या ‘साफ’ करणारे काढे विकायला आलं, तर त्याला होप चाचणीचा निकाल दाखवा. साडेनऊ हजारांहून अधिक रुग्णांवरच्या या चाचणीत जीवनसत्त्व ई हे अँटिऑक्सिडंट रोज 400 युनिट देऊनही हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. निकाल 2000 साली प्रसिद्ध झाला. स्टॅटिन औषधांनी मात्र झटके कमी होतात, कारण ती मुळात रक्तातलं एलडीएलच उतरवतात.