स्किझोफ्रेनियाचं सर्टिफिकेट म्हणजे निर्दोष सुटका नव्हे

खुनाच्या खटल्यात मनोविकारतज्ज्ञाचं सर्टिफिकेट दाखल झालं की 'आता हा सुटणार' अशी चर्चा सुरू होते. डॉक्टरी निदान आणि कायद्यातली मनोविकलता एकच, असं धरून चालल्यामुळे ही गल्लत होते.

निदान आयसीडी-११ (जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी) किंवा डीएसएम-५ (अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचं मनोविकारांचं पुस्तक) या वर्गीकरणांवरून होतं. लक्षणं कोणती, किती काळाची, हे त्यात पाहतात. स्किझोफ्रेनियासाठी (भास-भ्रम होऊन वास्तवाशी नातं तुटणारा मनोविकार) आयसीडीला महिनाभराची लक्षणं पुरतात, डीएसएमला एकूण सहा महिन्यांचा त्रास लागतो. म्हणजे एकाच रुग्णाबद्दल दोन पुस्तकं वेगळं बोलू शकतात, आणि उलटतपासणीत वकिलांना तेवढं पुरतं.

भारतीय न्याय संहितेचं कलम २२ (जुन्या भारतीय दंड संहितेचं ८४) मात्र आजाराचं नावही घेत नाही. कृत्य करतेवेळी मनोविकलतेमुळे आरोपीला आपण काय करतोय, किंवा ते चुकीचं अथवा बेकायदा आहे, हे कळणं शक्यच नव्हतं का, एवढंच ते विचारतं. अटकेनंतर तपासणाऱ्या डॉक्टरला त्या क्षणाबद्दल छातीठोक काय सांगता येणार? खुद्द डीएसएममध्येच इशारा आहे की निदान झालं म्हणून कायद्याची कसोटी पूर्ण झाली असं समजू नये. हे पान कोर्टात क्वचितच वाचलं जात असावं!

मग निदान कुचकामी? मुळीच नाही. महाराष्ट्रातल्या एका पोलीस शिपायाने १९९४ मध्ये पत्नीचा खून केला. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवलं, पण नुसत्या 'पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया' या शब्दांवर नाही. १९९२ पासूनचे उपचार, वडिलांनाही मनोविकार, घटनेनंतर २७ जून ते ५ डिसेंबर या काळात हॉस्पिटलच्या २५ फेऱ्या, नोकरी सोडायला पत्नीचा विरोध एवढाच तकलादू हेतू, आणि दिवसाढवळ्या खून करूनही पळायचा वा लपायचा प्रयत्न नाही, हे सगळं एकत्र पाहिलं गेलं. मनोविकलता सिद्ध करण्याचा भार आरोपीवरच असतो, पण सरकार पक्षाइतका जड नाही. शक्यतेचं पारडं त्याच्याकडे झुकलं तरी भागतं.

घटस्फोटातही हाच न्याय. जोडीदाराला स्किझोफ्रेनिया आहे एवढ्यावर घटस्फोट मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच सांगितलं. आजार इतका तीव्र हवा की अर्जदाराने सोबत राहावं अशी अपेक्षाच करता येऊ नये.