चिप नाही, तरी हातचा बरोबर घेतं!

स्कोअर मोजणारं, बोनस लक्षात ठेवणारं, जरा जोरात हलवलं की 'टिल्ट' म्हणून गेम बंद करणारं मशीन दिसलं की आत चिप असणारच, असं हल्ली सगळे धरूनच चालतात. माझ्याकडे गिरगावात असंच एक जुनं पिनबॉल आहे, तिरप्या फळीवर स्टीलचा चेंडू उडवून पॉइंट मिळवायचं मशीन. ते बघायला जो येतो तो आधी हेच विचारतो, मदरबोर्ड कुठंय? मग मी वरची काच सरकवतो, खेळाची फळी उचलून मागे टेकवतो आणि आतलं दाखवतो. तांब्याच्या कॉइल, पितळी पत्त्या, स्प्रिंगा, कापडी वेष्टणाच्या वायरींचे जुडगे आणि मधोमध एक छोटी मोटर. बास. ट्रान्झिस्टरसुद्धा नाही.

मशीन शिकागोच्या गॉटलिब कंपनीचं, एका खेळाडूचं पिनबॉल. एका जुन्या क्लबच्या भंगारातून मिळालं. वजन शंभर किलोच्या आसपास, पण पाय आणि वरचं डोकं सुटं होतं म्हणून आमच्या जिन्यातून वर आलं तरी. गॉटलिबनंच 1947 मध्ये पिनबॉलला पहिल्यांदा फ्लिपर बसवले, म्हणजे बटण दाबलं की चेंडू परत वर मारणारे ते दोन हात (पहिल्या मशीनला दोन नाही, सहा होते). त्याआधी चेंडू सोडला की फक्त बघत बसायचं, त्यामुळे हा जुगार आहे असं म्हणून न्यूयॉर्क शहरानं 1940 च्या दशकात पिनबॉलवर बंदी घातली ती थेट 1976 पर्यंत. तेव्हा रॉजर शार्प नावाच्या खेळाडूनं नगर परिषदेपुढे चेंडू कुठून जाणार ते आधी सांगून तिथूनच मारून दाखवला आणि हा कौशल्याचा खेळ आहे हे पटवलं. गंमत म्हणजे थोड्याच वर्षांत मायक्रोप्रोसेसरवाली पिनबॉल आली आणि ही जुनी इलेक्ट्रोमेकॅनिकल, म्हणजे नुसत्या कॉइल आणि पत्त्यांवर चालणारी, जात संपली.

आता मूळ प्रश्न. चिप नाही तर हे मोजतं कसं?

सगळी जादू रिलेत आहे. शाळेत खिळ्याला तार गुंडाळून चुंबक केलेला आठवत असेल, रिले म्हणजे तेच. कॉइलमधून करंट गेला की लोखंडी पट्टी ओढली जाते आणि पट्टी तिच्यावर रचलेल्या पत्त्यांचे स्विच हलवते, काही जुळतात, काही सुटतात. आपल्याकडच्या लिफ्टवाल्यांच्या भाषेत रिले 'उचलतो' आणि रिले 'पडतो'. मुंबईच्या जुन्या बिल्डिंगांच्या लिफ्टचं पॅनल ज्यांनी उघडलेलं बघितलंय त्यांना तो खटखटाट ओळखीचा असेल. आपल्या लोकलचे सिग्नलही कित्येक दशकं रिलेंवरच चालले. 2015 च्या जूनमध्ये मध्य प्रदेशातल्या इटारसी जंक्शनची सिग्नलची रिले केबिन जळाली तेव्हा किती गाड्या रद्द झाल्या ते आठवा म्हणजे या रिलेंवर काय काय उभं होतं ते कळेल.

पण नुसत्या उचलण्या-पडण्यानं काम भागत नाही. चेंडू 50 पॉइंटच्या टार्गेटवर आपटतो तेव्हा त्याची पत्ती फार तर काही मिलीसेकंद जुळते. 27 मिलिमीटरचा, 80 ग्रॅमचा स्टीलचा चेंडू, आपटला आणि गेला. तेवढ्या वेळात पाच वेळा दहा दहा पॉइंट कसे मोजणार? कुणीतरी लक्षात ठेवायला हवं की 'टार्गेट लागलंय, काम बाकी आहे'. ते लक्षात ठेवणं रिले स्वतःच करतो आणि मला यात सगळ्यात आवडतं ते हेच.

बघा कसं. टार्गेट जुळलं, 50 चा रिले उचलला. त्याच्या अंगावरच्या पत्त्यांमध्ये एक जोडी अशी आहे की जी जुळल्यावर त्याच रिलेच्या कॉइलला दुसऱ्या वाटेनं करंट देते. म्हणजे चेंडू निघून गेला, टार्गेटची पत्ती सुटली, तरी रिले स्वतःला स्वतःच धरून बसलाय. दार लोटल्यावर आतून आपोआप कडी लागावी तसं. आता हा रिले पडणार कधी, तर त्या दुसऱ्या वाटेत मोटरवरचा एक स्विच घातलाय, तो उघडेल तेव्हाच. हे एक बिट! उचललेला म्हणजे 1, पडलेला म्हणजे 0, आणि ते तुम्हाला डोळ्यांनी दिसतं, बोटानं दाबूनही बघता येतं.

आता मोटर. रिलेची अजून एक पत्ती मोटर सुरू करते. मोटरच्या दांड्यावर खाचा आणि उंचवटे असलेल्या चकत्या एकावर एक बसवल्यात आणि त्यांच्या कडेला स्विच. दांडा एक तृतीयांश फेरी मारतो तेवढ्यात एक चकती तिच्या स्विचला पाच वेळा टोचते, म्हणजे पाच पल्स, करंटचे पाच क्षणिक झटके. हे पल्स 50 च्या रिलेतून दहाच्या रिलेकडे जातात, दहाचा रिले पाच वेळा उचलतो आणि पडतो, दर वेळी स्कोअरचं चाक एक घर पुढे जातं. पाच झाले की दुसरी चकती तो धरून ठेवणारा स्विच उघडते आणि 50 चा रिले पडतो. मग मोटरला करंट कोण देतो? अजून एक चकती! ती मोटरला तिच्या ठरलेल्या जागेवर पोचेपर्यंत चालूच ठेवते, मध्येच थांबू देत नाही, नाहीतर पुढच्या वेळी चारच पल्स निघतील.

आणि हातचा? दहाचं चाक 9 वर आलं की चाकावरचा एक स्विच जुळतो. आता पुढचा पल्स आला की तो या स्विचमधून शंभरच्या चाकाच्या कॉइललाही जातो. 90 चे 100 होताना दोन्ही चाकं एकदम फिरतात. इथे एक फार सुंदर बारकावा आहे: कॉइल ओढते तेव्हा चाक फिरत नाही, फक्त खटका एक दात मागे जातो आणि स्प्रिंग ताणली जाते, चाक फिरतं ते कॉइल सुटल्यावर, स्प्रिंगच्या जोरावर. म्हणून पल्स चालू असेपर्यंत चाक 9 वरच राहतं आणि हातच्याचा स्विच मध्येच तुटत नाही. शिवाय चाकाची कॉइल पूर्ण ओढली गेली की तिथला स्विच उघडून दहाच्या रिलेला सोडतो, तोवर दहाचा रिलेही धरलेलाच. म्हणजे 'काम झालं' अशी पोच मिळाल्याशिवाय हुकूम मागे घेतला जात नाही. हे ज्यांनी कागदावर आखलं त्यांच्यासमोर हात जोडावेसे वाटतात.

दोन पत्त्या एकापाठोपाठ जोडल्या तर 'हे आणि ते', समांतर जोडल्या तर 'हे किंवा ते'. स्विचांच्या अशा जोडण्यांना बुलियन बीजगणित, म्हणजे 'आणि', 'किंवा'चं गणित, लागू होतं हे क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञानं 1937 मध्ये एमआयटीच्या मास्टर्सच्या प्रबंधात दाखवलं, तेव्हा तो 21 वर्षांचा होता. आजचा अख्खा डिजिटल संसार त्या पायावर उभा आहे. आणि ज्या 1947 मध्ये फ्लिपर आला त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हार्वर्डच्या मार्क टू कॉम्प्युटरच्या रिलेत एक पतंग (उडणारा किडा) अडकलेला सापडला, तो चिकटपट्टीनं वहीत लावून ठेवलेला अजून जपलाय. कॉम्प्युटर आणि पिनबॉल तेव्हा एकाच मालाचे होते. म्हणूनच आज पंख्यावर नि वॉशिंग मशीनवर एआयचा शिक्का बघितला की मला वाटतं, विकत घेण्याआधी लोकांनी एवढं तरी विचारावं की हे नेमकं ठरवतं काय, कारण त्यातलं बरंचसं 'हे झालं तर ते कर' एवढंच असतं आणि तेवढं पत्त्यांनाही जमतं.

दुरुस्तीचं म्हणाल तर नव्वद टक्के काम पत्त्यांचंच. टोकाला चांदीचे छोटे ठिपके असतात आणि चांदी काळी पडते ती हवेतल्या ऑक्सिजननं नाही तर गंधकाच्या संयुगांनी, मुख्यतः हायड्रोजन सल्फाइडनं. ओहोटीला माहीमच्या खाडीवरून जाताना जो वास येतो त्यात तोच वायू असतो. त्यातून होणारं सिल्व्हर सल्फाइड करंट नीट जाऊ देत नाही. जाड सँडपेपर मारला तर चांदीच निघून जाते, म्हणून अगदी बारीक कानस हलक्या हातानं फिरवायची आणि शेवटी पत्त्या जुळवून मधून कोऱ्या कागदाची पट्टी ओढायची. पट्टीवर काळी रेघ येते, ती यायची थांबेपर्यंत ओढायची. उघड्या पत्त्यांमधली फट साधारण दीड मिलिमीटर, आणि जुळल्यावर एका पत्तीनं दुसरीला किंचित ढकललं पाहिजे, कारण त्या घसटण्यातच ठिपके आपोआप साफ होत राहतात. गंज काढायचा स्प्रे इथे अजिबात मारू नका, तेल चिकटून धूळ धरते आणि ठिणगीपाशी पेट घ्यायची भीती वेगळीच.

याच फटीवरून आमच्याकडे एक प्रकरण झालं. मशीन चालू ठेवून आम्ही जेवायला बसलो की स्कोअर आपोआप वाढायचा. बाधा आहे, जुन्या क्लबमधनं कुणाचं काय आलंय, लिंबू-मिरची बांधा, सगळं ऐकून झालं. कारण असं की आमची जमीन लाकडी, गॅलरीतून कुणी गेलं की हलते, आणि एका स्विचची फट केसाएवढीच राहिली होती. ती वाढवली, बाधा संपली. घरातल्या मुलांना मी तो स्विच मुद्दाम दाखवला. भुताची गोष्ट ऐकून मान डोलावण्यापेक्षा फट मोजायची सवय लागलेली बरी.

व्होल्टेजचं मात्र नीट समजून घ्या, इथे बरेच जण फसतात. मशीन 120 व्होल्ट, 60 हर्ट्झचं, आपल्याकडे 230 आणि 50. लोहार चाळीत स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर सहज मिळतो पण तो व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही. ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडातलं चुंबकत्व व्होल्टेज भागिले फ्रिक्वेन्सी या प्रमाणात असतं, म्हणजे 120 व्होल्टच 50 हर्ट्झवर दिले तर ते 20 टक्के वाढतं, लोखंड संपृक्त होऊ लागतं, म्हणजे आणखी चुंबकत्व त्यात मावत नाही, मशीनचा आतला ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि तापतो. हिशोबानं 100 व्होल्ट द्यायला हवेत, पण मग 6.3 व्होल्टचे दिवे फार मंद होतात, म्हणून मी स्टेप-डाऊनच्या 110 व्होल्टच्या जोडणीवर ठेवलंय आणि आतल्या ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवून बघत असतो. मोटर 50 हर्ट्झमुळे साधारण एक षष्ठांश सावकाश फिरते, स्कोअरची टकटक जरा संथ येते, त्यानं बिघडत काही नाही. जुनी दोन पिनांची वायर असेल तर काढून तीन पिनांची टाका आणि अर्थिंग बॉडीला जोडाच. पावसाळ्यात ओल्या हातानं कुणी मशीनच्या कडेच्या धातूच्या पट्ट्यांना धरेल.

फ्लिपरच्या कॉइलमध्ये दोन वायंडिंग (तारेचे वेढे) असतात, एक जाड तारेचं, दणका द्यायला, दुसरं बारीक तारेचं, नुसतं धरून ठेवायला. फ्लिपरचा हात पूर्ण वर गेला की टोकाचा स्विच उघडतो आणि बारीक वायंडिंग मध्ये येऊन करंट कमी होतो. हा स्विच उघडला नाही तर बटण दाबून धरल्यावर कॉइल थोड्याच वेळात जळते, त्यामुळे तो सगळ्यात आधी तपासा.

आता राहिलंय ते 'मॅच' युनिट. गेम संपल्यावर मशीन एक आकडा दाखवतं, तो तुमच्या स्कोअरच्या शेवटच्या आकड्यांशी जुळला तर एक गेम फुकट. लोक याला नशीब म्हणतात. आत दहा घरांचं एक चाक आहे, खेळ चालू असताना काही ठरावीक स्विचवर चेंडू आपटला की ते एक घर पुढे सरकतं आणि गेम संपताना जिथे असेल तिथे थांबलेलं असतं, नवा गेम सुरू झाला तरी शून्यावर येत नाही. माझ्या मशीनचं हे चाक 7 वर अडकतंय, जुनं ग्रीस वाळून डिंकासारखं झालंय. या रविवारी ते खोलून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुवायचंय, ते मोकळं झालं की मग रबराच्या रिंगा बदलायला घेणार.