छंद कोणता ते नंतर, आधी वेळ ठरवा

डिसेंबरच्या शेवटी ऑस्लोमध्ये सूर्य दिवसाला जेमतेम 6 तास दिसतो. ठाण्यात तेव्हाही दिवस जवळपास 11 तासांचा असतो, जूनमधल्या दिवसापेक्षा सव्वादोन तासांनी लहान. हिवाळ्यात येणाऱ्या नैराश्याचं सविस्तर वर्णन नॉर्मन रोझेंथल आणि सहकाऱ्यांनी 1984 मध्ये अमेरिकेत केलं. ते निदान उचलून घोडबंदर रोडवर चिकटवण्यात अर्थ नाही.

तरीही नोव्हेंबर ते जानेवारीत इथल्या अनेकांचं मन जड होतं. आपल्याकडे आकाश कंजूस नसतं, वेळापत्रक असतं. सूर्य सातच्या आसपास उगवतो, सहाच्या सुमारास मावळतो आणि मधले सगळे तास नवी मुंबईतल्या महापे किंवा ऐरोलीच्या ऑफिसात ट्यूबलाइटखाली जातात. तिथे उजेड असतो 300 ते 500 लक्स (लक्स हे उजेडाचं माप). सकाळच्या उघड्या बाल्कनीत, सावलीत बसूनसुद्धा तो काही हजार लक्स भरतो. डोळ्याच्या पडद्यातल्या काही पेशी चित्र पाहण्यासाठी नसतातच. त्यांच्यातलं मेलानोप्सिन हे रंगद्रव्य निळसर उजेड टिपतं आणि मेंदूतल्या घड्याळाला ‘दिवस सुरू झाला’ असं कळवतं. हा निरोप क्षीण असला की झोप पुढे सरकते आणि दिवसभर मरगळ राहते.

म्हणून ही मरगळ घालवायला छंद निवडण्याआधी त्याची वेळ आणि जागा निवडावी. रात्री अकराला झगझगीत दिव्याखाली केलेलं सुंदर भरतकाम झोपेचं नुकसानच करतं. त्यापेक्षा सकाळी खिडकीशी बसून केलेली वेडीवाकडी रेघ बरी.

छंदाचा स्वतःचा फायदा किती? न्यूझीलंडमध्ये टॅमलिन कॉनर यांच्या गटाने 658 तरुणांना 13 दिवस रोजनिशी लिहायला लावली. ज्या दिवशी काही सर्जनशील केलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी उत्साह वाढलेला दिसला. आज मन प्रसन्न म्हणून उद्या जास्त सर्जनशील काम, असं मात्र दिसलं नाही. मन लागण्याची वाट पाहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. फिलाडेल्फियात गिरिजा कैमल यांच्या 2016 मधल्या प्रयोगात 45 मिनिटं कलाकाम केल्यावर 39 पैकी सुमारे 75 टक्के लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, उतरलं. हा प्रयोग फार मिरवला जातो, पण त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि कॉर्टिसोल दिवस चढेल तसं एरवीही उतरतंच. तेव्हा छंदाला औषध समजू नये. दोन आठवडे रोज, दिवसातला बराच वेळ उदास वाटत असेल, झोप आणि भूक बिघडली असेल तर डॉक्टरांकडे जावं किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करावा. जगणं नको असे विचार येत असतील तर दोन आठवडे मोजत बसू नये, लगेच मदत मागावी.

सकाळच्या 30 मिनिटांत मावणारं आणि इथल्याच मातीतलं काम म्हणजे वारली चित्र. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणली, तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यातच होता. सामान स्वयंपाकघरात आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. 3 चमचे गेरू, 1 चमचा फेविकॉल आणि दाटसर ताकाइतकं पातळ होईल एवढं पाणी. जाड पुठ्ठ्यावर पहिला हात आडवा द्या, तो पूर्ण सुकला की दुसरा उभा. सुकल्यावर बोट फिरवून पाहा. बोटाला लाल लागलं तर फेविकॉल कमी पडलाय. पुठ्ठा वाकला तर मागच्या बाजूलाही एक हात द्या, दोन्हीकडचा ताण सारखा होतो.

पांढऱ्यासाठी 2 चमचे चाळलेलं तांदळाचं पीठ, 2 चमचे पाणी, अर्धा चमचा फेविकॉल. पाणी पुढे थेंबाथेंबानेच वाढवा. टोक ठेचलेली बांबूची काडी किंवा 0 नंबरचा ब्रश चालतो. बहुतेकांचा घोळ पुढच्या पायरीवर होतो. ओली रेघ फिकी दिसते, म्हणून माणूस तिच्यावर आणखी दोनदा गिरवतो. खरं तर ओलेपणी पिठाच्या कणांमध्ये पाणी असतं आणि उजेड फारसा विखुरत नाही. पाणी उडून तिथे हवा शिरली की तीच रेघ पांढरी फटक दिसते. घाईने चढवलेला जाड थर सुकताना आकसतो, तडकतो आणि पापुद्र्यासारखा निघतो. पाच मिनिटं थांबायचं, मग ठरवायचं. उरलेलं मिश्रण दुसऱ्या दिवशी आंबतं, म्हणून थोडंच करावं. पहिल्या दिवशी तारपा या वाद्यावरच्या नाचाचा गोल मांडू नये. टोकाला टोक भिडलेले दोन त्रिकोण, वर ठिपका, हातपाय, अशी दहा माणसं पुरेत. चित्र त्याच बैठकीत संपलं पाहिजे, अर्धवट पुठ्ठे कपाटावर साचले की त्यांचंच ओझं होतं.

ठाणे-वाशी लोकलमध्ये बसायला मिळत असेल तर क्रोशा सोयीचा: 4 मिमीची सुई, मध्यम जाडीची लोकर. विणकाम चौकोनाऐवजी त्रिकोणी होऊ लागलं तर ओळीच्या शेवटचा टाका सुटतोय, दर ओळीला टाके मोजावेत.

रविवारी मात्र घराबाहेर पडावं, पण पहाटे नको. हिवाळ्यात थंड हवेचा थर जमिनीलगत बसतो आणि धूर-धूळ त्याखाली कोंडते. उन्हाने जमीन तापली की थर मोडतो. नऊनंतर स्केचबुक घेऊन नवी मुंबईतल्या नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींकडे जाता येतं. फ्लेमिंगो बहुधा नोव्हेंबर-डिसेंबरपासून येऊ लागतात. ओहोटीला ते खाडीच्या चिखलात चरतात आणि भरतीला या तळ्यांवर येतात, म्हणून निघण्याआधी भरतीची वेळ पाहावी. एका पक्ष्याला 30 सेकंदच द्यावीत: आधी अंगाचा लंबगोल, मग मान, पाय शेवटी. पायांपासून सुरुवात केली की ते हमखास आखूड होतात आणि पक्षी बदकासारखा दिसतो. खोडरबर घरीच ठेवावं.