घरच्या रीफ टँकचं पाणी: कोरल घरी नेण्याआधी हे वाचा

आमच्याकडून रीफ टँक (खाऱ्या पाण्याचं कोरलचं मत्स्यालय) किंवा कोरल (प्रवाळ) घेणाऱ्या प्रत्येकाला हा कागद आम्ही सोबत देतो. पाणी बनवायच्या आधी वाचा, कोरल मिटल्यावर नको.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आम्ही फक्त सॉफ्ट कोरल देतो, म्हणजे झोअँथिड, मशरूम, लेदर, झेनिया वगैरे. हार्ड कोरल, म्हणजे दगडासारखा सांगाडा असलेले, विकत नाही, मागवूनही देत नाही. रीफ बांधणारे कोरल, काळे कोरल, ऑर्गन पाइप, फायर कोरल, सी फॅन हे सगळे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. मालवण असो नाहीतर आपल्या मुंबईतलं हाजी अली, किनाऱ्यावरून जिवंत कोरल उचलून आणणं गुन्हा आहे. कोस्टल रोडच्या वेळी हाजी अली-वरळीचे कोरल हलवायलासुद्धा रीतसर परवानगी घ्यावी लागली होती. हे जीव समुद्रातच राहू देत, सॉफ्ट कोरलचा टँक पण बघत बसावा इतका सुंदर होतो.

आता पाणी. किचनमधल्या प्यायच्या आरओचं पाणी चालत नाही. त्यात चव यावी म्हणून बहुतेक वेळा मिनरल कार्ट्रिज असतं किंवा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर थोडं कच्चं पाणी परत मिसळतो, त्यामुळे मीटरवर ५०, ८०, कधी १०० पण दिसतं, आपल्याला हवं शून्य. त्यासाठी आरओच्या पुढे डीआय रेझिनचा (उरलेले क्षार काढून घेणाऱ्या दाण्यांचा) डबा लागतो, आणि ज्या सोसायटीत बोअरवेल किंवा टँकरचं पाणी मिसळतात तिथे तो रेझिन फार लवकर संपतो, म्हणून दर वेळी पाणी काढताना टीडीएस बघा. मीठ नेहमी पाण्यात टाकायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही, नाहीतर कॅल्शियम खाली पांढरं साचतं आणि मग ते काही केल्या विरघळत नाही. पंप लावून फिरू द्या, टँकच्या तापमानाला येऊ द्या, मगच वापरा. जुहू-गिरगावचं समुद्राचं पाणी कॅनमध्ये भरून आणू नका, त्यात सांडपाणी किती आहे ते आपल्या हातात नाही.

क्षारता, म्हणजे खारेपणा, ३५ पीपीटी (एक किलो पाण्यात ३५ ग्रॅम मीठ) ठेवा, म्हणजे २५ अंशाला विशिष्ट गुरुत्व साधारण १.०२६. पाणी उडतं तेव्हा फक्त पाणी जातं, मीठ टँकमध्येच राहतं. १०० लिटरमधले ५ लिटर उडाले की ३५ चं जवळजवळ ३७ होतं! म्हणून रोजची भर साध्या आरओ-डीआय पाण्याने करायची, खाऱ्या पाण्याने नाही. टँक थंड ठेवायला पंखा लावला तर आणखी उडतं. रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं यंत्र) ३५ पीपीटीच्या कॅलिब्रेशन सोल्युशनने लावून घ्या, नुसत्या साध्या पाण्याने शून्य दाखवला म्हणजे वर पण बरोबर दाखवेल असं नसतं.

आणि आता खरं दुखणं, केएच म्हणजे अल्कलिनिटी, पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं प्रमाण, ते डीकेएचमध्ये मोजतात. आमच्या अनुभवात आकडा कमी-जास्त असल्याने जेवढे कोरल जातात त्यापेक्षा जास्त तो आकडा सारखा हलवल्याने जातात. केएच ७.५ ला टँक छान चालतो, ९ ला पण चालतो, पण सोमवारी ७.५ आणि गुरुवारी १०, हे त्यांना झेपत नाही. एका दिवसात १ डीकेएचपेक्षा जास्त वाढवू नका. दर आठवड्याला त्याच वाराला, त्याच वेळेला टेस्ट करा आणि वहीत लिहा. ज्या किटमध्ये एक थेंब म्हणजे एक डीकेएच असतो आणि निळ्याचा पिवळा होतो, त्यात नळीत दुप्पट पाणी घ्या, मग प्रत्येक थेंब अर्धा धरा, जास्त बारीक कळतं. नळी पांढऱ्या कागदासमोर धरायची, टँकच्या निळ्या लाइटखाली रंग कधीच नीट दिसत नाही.

सगळे विचारतात कॅल्शियम आधी का नाही बघायचं. कारण कोरलाइन अल्गी (दगडावर चढणारं गुलाबी-जांभळं कडक शेवाळ) किंवा सांगाडा बनताना जेव्हा केएच २.८ ने उतरतो तेव्हा कॅल्शियम फक्त २० पीपीएम कमी होतं, ४२० चं ४०० झालेलं किटवर कळतही नाही, पण केएच लगेच बोलतो. कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२५० ते १३५०, महिन्यातून एकदा बघितलं तरी पुरे. नुसत्या सॉफ्ट कोरलच्या टँकला सहसा डोसिंग (बाटलीतलं केएच-कॅल्शियम वरून घालणं) लागतच नाही, आठवड्याला १० टक्के पाणी बदललं की भागतं. उगाच बाटल्या घेऊ नका, आम्ही विकतो तरी सांगतोय. केएच खरंच उतरत असेल तर साधा खाण्याचा सोडा चालतो (बेकिंग पावडर नाही), १०० लिटरला १ डीकेएच वाढवायला साधारण ३ ग्रॅम, आरओ-डीआय पाण्यात विरघळवून हळूहळू. मिठाचा ब्रँड बदलाल तेव्हा नवीन मिठाच्या पाण्याचा केएच आधी मोजा, कुठलं ८ ला बसतं तर कुठलं ११ ला.

पीएचच्या मागे लागू नका. रात्री खिडक्या बंद, एसी चालू, घरात चार माणसं, खोलीत कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि सकाळी पीएच ७.८ दिसतो. त्यावर बफर (पीएच वाढवायची पावडर) टाकाल तर केएच एकदम वर जाईल. खिडकी उघडा, बस. नायट्रेट-फॉस्फेट पण शून्य करायच्या नादात पडू नका, नायट्रेट २ ते १० पीपीएम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम चांगलं, एकदम शून्य झालं की वाळूवर तपकिरी बुडबुड्यांचा चिकट थर, म्हणजे डायनो, येण्याची भीती असते.

तापमान २५ ते २७. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर हीटमध्ये पंख्याने दोन-तीन अंश उतरतात पण पावसाळ्यात हवा दमट असल्याने पंखा तेवढं काम करत नाही, ज्यांच्याकडे ३० च्या वर जातं त्यांनी चिलरच घ्यावा. गरम पाण्यात कोरल आपल्या अंगातली शेवाळं बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. लाइट गेली तर हीटर-दिव्यांची घाई नको, पाणी हलतं ठेवणं महत्त्वाचं, बॅटरीवरचा एअर पंप घरात असू द्या.

लेदर कोरल अधूनमधून मिटून बसतो, अंगावर मेणासारखा चकचकीत पापुद्रा येतो, काही दिवस एकही पॉलिप (फुलासारखं छोटं तोंड) बाहेर नसतो. मेला नाही तो! पापुद्रा टाकतोय. प्रवाह थोडा वाढवा, हात लावू नका. झोअँथिडला मात्र हात लावताना ग्लोव्हज आणि चष्मा हवाच, काहींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं भयंकर विष असतं. झोअँथिड लागलेला दगड कधीही उकळू नका, गरम पाण्याने किंवा ब्रशने घासू नका, वाफ आणि उडालेले थेंब माणसाला थेट हॉस्पिटलात नेतात. लहान मुलं घरात असतील तर हे त्यांनाही समजावून सांगा.

पेस्ट कंट्रोल किंवा डासांचा स्प्रे मारायचा असेल तर आधी स्किमर (बुडबुड्यांनी पाण्यातली घाण काढणारं यंत्र) आणि एअर पंप बंद, टँक झाका, स्प्रे त्या खोलीत नकोच. झिंगे-खेकडे सगळ्यात आधी जातात.

पाणी तपासायला आणताना स्वच्छ बाटली टँकच्याच पाण्याने दोनदा विसळून काठोकाठ भरा, त्याच दिवशी आणा, टेस्ट आम्ही फुकट करून देतो. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवाल तर निळी लाइट बंद करून पांढऱ्या लाइटमध्ये काढा आणि वहीतल्या मागच्या चार आठवड्यांच्या केएचच्या पानाचा फोटो पण सोबत टाका.