फादर की ब्रदर? चर्चमधल्या रहस्यकथा नेण्याआधी एवढं वाचा
(आमच्या वाचनालयाच्या सभासदांसाठी)

कॅथलिक धर्मगुरूंच्या रहस्यकथा अर्धवट वाचून परत येतात, तेव्हा तक्रार बहुतेक एकच असते: "खुनी कोण ते फादरला ठाऊक आहे, मग तो पोलिसांना सांगत का नाही? लेखकाने उगाच ताणलंय."

ताणलेलं नाही. कन्फेशनमध्ये, म्हणजे पापनिवेदनात, ऐकलेलं फादरला कुणालाच सांगता येत नाही, कोर्टालासुद्धा नाही. चर्चच्या 1983 च्या कायद्यात 983 वं कलम हेच आहे, आणि जाणूनबुजून थेट गुपित फोडणारा फादर आपोआप बहिष्कृत होतो. 1215 साली रोममध्ये भरलेल्या चर्चच्या लॅटरन परिषदेने तर अशा फादरला पदावरून काढून जन्मभर मठात प्रायश्चित्त करायला लावावं, असं ठरवलं होतं. नुसतं सूचक बोलणंही चालत नाही. ऐकलेल्याचा वापर करून त्या माणसाला अडचणीत आणता येत नाही. तो माणूस मेला तरी बंधन सुटत नाही.

पण तीच गोष्ट फादरने खिडकीतून पाहिली किंवा जेवताना कुणाकडून ऐकली, तर ती सांगायला तो मोकळा असतो. म्हणून वाचताना एकच सवय लावा: फादरला कुठली माहिती कुठे मिळाली, ते लक्षात ठेवा. खरी मेख तिथेच असते. आम्ही या पुस्तकांना पहिल्या पानावर चिठ्ठी लावतो ती याचसाठी. कृपया ती काढू नका.

'फादर कॅडफेल' मागणाऱ्यांसाठी: तो ब्रदर आहे, म्हणजे मठात राहणारा साधू. बाराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या श्रूजबरीच्या बेनेडिक्टाईन पंथाच्या मठात औषधी वनस्पतींची बाग सांभाळणारा, त्याआधी क्रुसेडमध्ये, म्हणजे धर्मयुद्धात, लढलेला. धर्मगुरूची दीक्षा त्याने घेतलेली नाही, त्यामुळे तो कन्फेशन ऐकत नाही आणि त्याच्या तोंडाला ते कुलूपही नाही. फादरची घुसमट ज्यांना सोसत नाही, त्यांनी कॅडफेलच न्यावा. एलिस पीटर्सच्या या 20 कादंबऱ्या आहेत, 1977 ते 1994 मधल्या. आम्ही त्या क्रमानेच देतो, एका वेळी दोन. काहींना हा हट्ट वाटतो. पण दुसऱ्या पुस्तकात ह्यू बेरिंगर हे पात्र नेमकं कुणाच्या बाजूचं, हेच कोडं आहे, आणि पुढची पुस्तकं आधी उघडलीत तर त्याचं उत्तर आधीच कळतं. मग दुसऱ्यातली मजा गेली.

रहस्यं उकलणाऱ्या फादर ब्राऊनची 'पहिली कादंबरी' आमच्याकडे नाही, कारण त्याचा लेखक चेस्टरटन याने ती लिहिलीच नाही. 1911 ते 1935 या काळातले पाच कथासंग्रह आहेत. स्लो लोकलने दादर ते बोरिवली जाताना एक कथा आरामात संपते. एकत्रित जाड आवृत्ती नेली असेल, तर सुटे संग्रह पुन्हा मागवू नका, कथा त्याच आहेत.

उंबर्तो एकोच्या 'द नेम ऑफ द रोज' या कादंबरीसाठी मात्र वेळ काढा. 1327 सालचा इटलीतला मठ, सात दिवस, आणि प्रकरणांची नावं प्रार्थनेच्या वेळांवरून. त्या वेळा घड्याळात किती वाजता येतात, हे सुरुवातीच्या टिपेत दिलंय. ती टीप वगळणारेच गोंधळतात. पहिली शंभर पानं जड आहेत. ती कमी करायला सुचवलं गेलं होतं, एकोने ऐकलं नाही, आणि आमच्या मते बरंच केलं. या पुस्तकाला 15 दिवस पुरत नाहीत. एक आठवडा विनादंड वाढवून देतो, फक्त आधी फोन करा.

नवशिक्यांसाठी फादर ब्राऊनचा पहिला संग्रह आणि कॅडफेलची पहिली दोन पुस्तकं असा तीन पुस्तकांचा संच बांधून ठेवलेला असतो. घरपोच मिळतो. बुधवारी माहीमच्या चर्चमधल्या नोव्हेना प्रार्थनेची गर्दी असते, त्यामुळे त्या बाजूची पुस्तकं मंगळवारी संध्याकाळीच पोचवतो.