डिजिटल ओळख आणि नावाचा मेळ

डिजिटल ओळख म्हणजे आधार, पॅन, बँक, पीएफ, डिजिलॉकर, ईमेल अशा वेगवेगळ्या ठिकाणी आपली जी माहिती साठवलेली असते ती सगळी मिळून. नाव, जन्मतारीख, फोटो, मोबाइल नंबर, पत्ता. ही माहिती सगळीकडे सारखी ठेवणं, जुनी झाली की बदलणं आणि कुणाला किती दाखवायची ते ठरवणं हे आता प्रत्येकाच्या मागे लागलेलं काम आहे, आणि महाराष्ट्रात ते सगळ्यात जास्त अडतं ते नावापाशी.

आधारची सुरुवातच महाराष्ट्रातली. पहिला आधार नंबर 29 सप्टेंबर 2010 ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. नंबर 12 आकडी, आणि त्यातला शेवटचा आकडा आधीच्या 11 आकड्यांवरून काढलेला असतो, म्हणजे टाइप करताना एखादा आकडा चुकला तर सिस्टिमला लगेच कळतं. नावाच्या बाबतीत अशी सोय नाही. नाव ऑपरेटर टाइप करेल तसं, आणि एका कार्डावर स्पेलिंगमध्ये एक ए जास्त पडला, दुसऱ्यावर वडिलांच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर आलं की पुढे पीएफ काढताना किंवा बँकेत केवायसी करताना मिसमॅच म्हणून अर्ज परत येतो.

आपल्याकडे नाव लिहायची पद्धत स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, मग आडनाव. पण दहावी-बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात. आधारवर नाव एकाच ओळीत, पॅनच्या फॉर्ममध्ये मात्र तीन खाने. 2024 मध्ये राज्य सरकारने नव्याने जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचं नाव आधी आणि वडिलांचं त्यानंतर लावायचा निर्णय घेतला, तो चांगलाच आहे, पण आता नाव चार शब्दांचं होणार आणि खाने अजून तीनच असतील तर हे फॉर्म बदलायलाच हवेत.

सगळ्यात जास्त त्रास लग्न झालेल्या बायकांना होतो. समजा सुनीता शंकर पवारची सुनीता विलास कदम झाली. मधलं नाव बदललं, आडनाव बदललं, तीन शब्दांतला एकच शब्द जुना उरला. मार्कशीट माहेरच्या नावाची, आधार सासरचं, आणि पॅन कार्डावर लग्नानंतरही वडिलांचं किंवा आईचंच नाव छापतात, नवऱ्याचं नाही. त्यात पॅन नंबरचं पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं अक्षर असतं, आणि नाव बदललं तरी नंबर बदलत नाही, त्यामुळे सुनीता कदमच्या पॅनमध्ये पवारांचा पी जन्मभर राहतो. त्याने काही अडत नाही, नंबर बरोबरच असतो. पण बाकीचे कागद जुळवायला मॅरेज सर्टिफिकेट किंवा गॅझेट लागतं आणि ते घेऊन एकेका ऑफिसात जावं लागतं. लग्नानंतर नाव बदलायची कायद्याने कसलीही सक्ती नाही हे मुलींना आधीच स्पष्ट सांगायला हवं, कारण बऱ्याच घरांत आधार केंद्रावर नेऊन नाव बदललं जातं आणि पुढचा सगळा भार एकट्या तिच्यावर पडतो.

दुरुस्ती करायची तर क्रम महत्त्वाचा. आधारवर नाव आयुष्यात फक्त दोनदा बदलता येतं, जन्मतारीख एकदाच, म्हणून आधी दहावीचं सर्टिफिकेट समोर ठेवून कुठलं नाव कायम ठेवायचं ते ठरवायचं, मग आधार, मग पॅन, आणि बँक आणि पीएफ त्यानंतर. उलट्या क्रमाने गेलं की एकच काम दोनदा करावं लागतं.

डिजिलॉकर 2015 मध्ये सुरू झालं. त्यात दोन प्रकारचे कागद असतात आणि हा फरक बऱ्याच जणांना माहीत नसतो. आरटीओ किंवा बोर्डाकडून थेट आलेलं डॉक्युमेंट कायद्याने मूळ कागदाच्या बरोबरीचं मानलं जातं, पण आपण फोटो काढून अपलोड केलेल्याला तो दर्जा नाही.

मोबाइल नंबर ही या सगळ्याची किल्ली आहे कारण ओटीपी तिथेच येतो. सिम बंद पडलं की तो नंबर निदान 90 दिवस कुणाला देत नाहीत, पण त्यानंतर दुसऱ्या कुणाला तरी मिळू शकतो, आणि बँकेत तुमचा जुनाच नंबर असेल तर तुमचे ओटीपी त्या अनोळखी माणसाकडे जातात. म्हणून सिम सोडायच्या आधी सगळीकडे नंबर बदलून घ्यायचा. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते संचार साथी पोर्टलवर दिसतं, एकदा तरी बघाच.

लॉजवर किंवा सोसायटीच्या ऑफिसात आधारची झेरॉक्स मागतात तेव्हा मास्क्ड आधार द्यावं, त्यात फक्त शेवटचे 4 आकडे दिसतात. 2018 पासून आधार नंबरऐवजी द्यायला 16 आकडी व्हर्च्युअल आयडीही आहे, तो हवा तेव्हा बदलता येतो. अंगठ्याने पैसे काढायची गरज पडत नसेल तर बायोमेट्रिक लॉक करून ठेवणं उत्तम.

कायद्याची बाजू हळूहळू उभी राहिली. ऑगस्ट 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, 2018 च्या निकालात खासगी कंपन्यांना आधारची सक्ती करण्यापासून रोखलं आणि 2023 मध्ये डेटा संरक्षणाचा कायदा आला. आपली माहिती बघायचा, दुरुस्त करून घ्यायचा आणि पुसून टाकायला लावायचा हक्क या कायद्यात आहे, शिवाय आपल्या मागे हे हक्क वापरायला नॉमिनीही नेमता येतो.

नॉमिनीचं काम बहुतेक घरांत राहूनच जातं. गुगल अकाउंटमध्ये आत्ताही सोय आहे, 3 ते 18 महिने अकाउंट वापरात नसेल तर निवडलेल्या 10 जणांपर्यंत माहिती पोचवता येते, नाहीतर 2 वर्षं पडून राहिलेलं अकाउंट गुगल फोटोंसकट डिलीट करू शकतं.