पासवर्ड आत नव्हताच

"पासवर्ड त्या डब्यातच असेल ना कुठंतरी? तेवढा काढून दे, बाकीचं आमचं आम्ही बघतो."

शाळेतला मित्र, आता कर सल्लागार. नाशिकच्या कॅनडा कॉर्नरला दुसऱ्या मजल्यावर त्याचं ऑफिस. सप्टेंबरचा तिसरा आठवडा होता. ज्यांच्या घरात कोणी टॅक्स ऑडिटची कामं करतं, त्यांना ३० सप्टेंबर ही तारीख समजावून सांगायला नको. नेमका त्याच आठवड्यात सगळ्या पार्ट्यांचा टॅलीचा डेटा असलेला कॉम्प्युटर बसला. हार्ड डिस्क टकटक करत बंद पडली. बॅकअप होता. चपलांच्या रॅकशेजारी, पाण्याच्या फिल्टरखाली ठेवलेला दोन डिस्कचा काळा डबा, लिनक्स या प्रणालीवर चालणारा. रोज रात्री दोन वाजता तो सगळ्या कॉम्प्युटरांवरच्या फायली आपल्याकडे ओढून घ्यायचा. तो लावून देणारा मुलगा दोन वर्षांपूर्वी पुण्याला गेला, त्याचा नंबर बदलला आणि ॲडमिनचा पासवर्डही त्याच्याबरोबर गेला. मधल्या काळात कोणाला त्याची गरजच पडली नाही, त्यामुळे तो हरवलाय हेही कोणाला कळलं नाही.

मित्राने हा बॅकअप हौसेने लावलेला नव्हता. वडिलांचं ऑफिस सराफ बाजारात, तळमजल्यावर. रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती ही नाशिककरांची पूर मोजायची पट्टी: पाणी त्याच्या कुठपर्यंत आलं, यावरून बाजारातले लोक माल वर हलवायचा की नाही ते ठरवतात. ऑगस्ट २०१६ च्या पुरात पाणी बाजारात शिरलं तेव्हा यांच्या वह्या खालीच राहिल्या होत्या. त्यानंतर दुसरा मजला आणि हा डबा.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर मात्र नकारार्थी होतं. पासवर्ड डब्यात नव्हता. धडपणे बनवलेल्या कुठल्याही यंत्रात तो नसतो.

आता कोणी विचारेल, नसतो तर मग यंत्र तो ओळखतं कसं? पूर्वी खरंच असायचा. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला एकच मोठा कॉम्प्युटर अनेक जण वाटून वापरत. प्रत्येकाला ठरावीक वेळ मिळायचा, म्हणून प्रत्येकाला वेगळा पासवर्ड दिलेला आणि सगळे पासवर्ड एका फाइलमध्ये जसेच्या तसे लिहिलेले. ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला मिळालेला वेळ पुरेना. १९६२ मध्ये त्याने पंचकार्ड घालून ती फाइल सरळ छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या खात्यातला वेळ वापरला. पुढे त्याच यंत्रावर याहून वरताण झाली. दोन फायलींची अदलाबदल होऊन, लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला दिवसाच्या सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड दिसू लागले. इथे कोणी चोरी केलेली नव्हती, नुसता घोळ झाला होता.

यावरचा उपाय केंब्रिजच्या रॉजर नीडहॅम यांनी त्याच दशकात काढला. पासवर्ड ठेवायचाच नाही, त्याचा ठसा ठेवायचा. जमिनीच्या जुन्या खरेदीखतावर आजोबांचा अंगठा असतो. त्या अंगठ्यावरून आजोबा उभे करता येत नाहीत, पण आजोबा समोर आले तर तेच की दुसरे कोणी, हे सांगता येतं. कॉम्प्युटरच्या भाषेत या ठशाला हॅश म्हणतात.

मोबाइलमधला कॅल्क्युलेटर काढा. ४२१७ या आकड्याचा वर्ग १,७७,८३,०८९. आठ आकड्यांतले मधले चार उचला: ७८३०. हा झाला ठसा. आता ४२१८ घ्या. वर्ग १,७७,९१,५२४, मधले चार ७९१५. मूळ आकडा एकाने बदलला आणि ठशातला पहिला आकडा सोडून सगळे बदलले. आता उलटं जा. कोणत्या चार आकडी संख्येच्या वर्गाच्या पोटात ७८३० आहे? कडेचे आकडे आपण फेकून दिलेत, त्यामुळे वर्गमूळ काढायलाच जागा नाही. एकेक संख्या घालून बघणं एवढंच हातात राहतं. हे अर्थात खेळण्यातलं कुलूप. चार आकडी संख्या फार तर दहा हजार, कॉम्प्युटर त्या डोळ्याचं पातं लवायच्या आत तपासतो. खऱ्या हॅशमध्ये अशी कालवाकालव पुन्हापुन्हा केलेली असते, पण तत्त्व हेच: जाताना सोपं, येताना वाट नाही.

मग पासवर्ड चोरणारे काय करतात? तेच, एकेक घालून बघतात. केन थॉम्पसन आणि रॉबर्ट मॉरिस या, युनिक्स नावाच्या संगणक प्रणालीवर काम करणाऱ्या जोडीने १९७९ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी ३,२८९ खऱ्या पासवर्डांचा नमुना तपासला, तर त्यातले २,८३१, म्हणजे ८६ टक्के, सहज सापडण्यासारखे निघाले: फार तर सहा अक्षरांचे, शब्दकोशातले, नावांचे. लोक तेव्हाही तसेच होते. या दोघांनी दोन युक्त्या वापरल्या होत्या आणि त्या आजही चालू आहेत. पहिली म्हणजे ठसा मुद्दाम सावकाश काढायचा. खऱ्या माणसाला एकदाच थांबायचंय, त्याला ते जाणवतही नाही. कोट्यवधी वेळा थांबायचं ते चोराला. दुसऱ्या युक्तीचं नाव चक्क सॉल्ट, मीठ. प्रत्येकाच्या पासवर्डात यंत्र आपली एक वेगळी चिमूट टाकतं आणि मग ठसा काढतं. त्यामुळे दोघांनी 'गोदावरी' हाच पासवर्ड ठेवला तरी ठसे वेगळे येतात आणि चोराला तयार ठशांची वही घेऊन बसता येत नाही. त्यांच्या मिठाचे ४,०९६ प्रकार होते, आता मोजता येणार नाहीत इतके असतात.

तर काळ्या डब्याकडे. बंद पडलेल्या ऑफिसात पहिली चूक घाईत होते, म्हणून आधी एक नवी डिस्क आणायला लावली. डब्यातल्या दोन्ही डिस्कवर एकसारखाच मजकूर होता. त्यातली एक काढून, फक्त वाचायची, तिच्यावर काही लिहायचं नाही, अशा बेताने तिची अक्षर अन् अक्षर नक्कल करून घेतली. दोन टेराबाइटला चार तासांच्या आसपास लागले. मित्र तेवढ्या वेळात सात पार्ट्यांना "सर्व्हरचं काम चालू आहे" असं सांगून मोकळा झाला. जाताजाता सांगतो: दोन डिस्कवर एकसारखं असणं म्हणजे बॅकअप नव्हे. ते फक्त एक डिस्क मेली तर उपयोगी. कोणी चुकून फाइल पुसली, तर दुसऱ्या डिस्कवरूनही ती त्याच क्षणी पुसली जाते.

नक्कल झाल्यावर पेन ड्राइव्हवरचं दुसरं लिनक्स घेऊन डबा सुरू केला. इथे बरेच जण बुचकळ्यात पडतात, पासवर्डशिवाय आत गेलात कसे? पासवर्ड विचारणारा जो असतो तो पहारेकरी आहे, भिंत नव्हे. डब्यातली लिनक्स प्रणाली चालू असेल तरच तो दारात उभा असतो. मी ती चालूच केली नाही. पेन ड्राइव्हच्या दृष्टीने डब्यातली डिस्क म्हणजे फायलींचं एक कपाट, आणि पहारेकरी त्यातच घडी करून ठेवलेला.

कपाटात ठशांची फाइल होती. ॲडमिनच्या ओळीत आधी डॉलरच्या दोन खुणांमध्ये ६ हा आकडा, म्हणजे ठसा एसएचए-५१२ पद्धतीचा, मग मीठ, मग ८६ अक्षरांची अगम्य लांबण. नेहमीच्या मांडणीत या पद्धतीत कालवाकालव ५,००० वेळा होते. मित्र खांद्यावरून बघत होता. "हा काय पासवर्ड?" नाही, हा त्याचा अंगठा. मी जुना ठसा काढला आणि नव्या पासवर्डाचा ठसा तिथे बसवला. डबा पुन्हा नेहमीसारखा सुरू केला, पहारेकऱ्याने नवा पासवर्ड विचारला, पटवला, आत घेतलं. नक्कल सोडली तर सगळं दहा मिनिटांचं काम.

बाजारात मिळणाऱ्या तयार स्टोरेज डब्यांना यासाठी मागे टाचणीने दाबायचं एक बारीक छिद्र असतं. ते किती वेळ दाबायचं हे आधी पुस्तिकेत वाचा, कारण काही डब्यांत जास्त वेळ दाबलं तर पासवर्डापलीकडचंही बरंच काही नव्याने सुरू होतं.

यातून एक अप्रिय गोष्टही निघते. मी जे केलं ते फिल्टर बदलायला येणाराही करू शकला असता. आणि मालकाच्या परवानगीशिवाय, लबाडीच्या हेतूने केलं असतं, तर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मित्राकडून मी आधी दोन ओळी लिहून सही घेतली, तेव्हा तो हसला होता.

आत गेल्यावर त्याचं हसू थांबलं. बॅकअपच्या फोल्डरात एकही ओळखीची फाइल नाही, नुसते चिखलासारखे तुकडे. पुण्याला गेलेल्या मुलाने बॅकअप एन्क्रिप्ट केलेला होता, म्हणजे किल्ली नावाच्या गुप्त संख्येशिवाय वाचताच येणार नाही असा करून ठेवलेला. आता समोर पहारेकरी नव्हता, भिंत होती. इथे ठसा बदलण्याची युक्ती चालत नाही, कारण तुलना करायला कोणी बसलेलंच नसतं. किल्ली घालून गणित केलं तरच मजकूर उलगडतो. २५६ बिटच्या, म्हणजे २५६ शून्य-एकांनी बनलेल्या, किल्लीच्या शक्यता लिहायच्या तर ७८ आकडी संख्या होते. सेकंदाला एक लाख कोटी किल्ल्या लावून पाहिल्या, तरी विश्वाचं १,३८० कोटी वर्षांचं वय त्यापुढे चिल्लर आहे.

आम्ही चहा मागवला. तो पिताना रात्री दोनचा विचार आला. रोज रात्री दोन वाजता हा डबा कोणालाही न विचारता नव्या फायली घेतो, त्या एन्क्रिप्ट करतो आणि जुन्यांच्या शेजारी लावतो. त्या वेळी ऑफिसात चिटपाखरू नसतं. म्हणजे किल्ली टाइप कोण करतं? कोणीच नाही, तेव्हा ती डब्यातच कुठंतरी लिहिलेली असणार. ठरलेल्या वेळी करायच्या कामांची यादी उघडली, तिच्यात बॅकअपची ओळ, तिच्यात एका फाइलचा पत्ता, आणि त्या फाइलमध्ये एकच ओळ. ही फाइल फक्त ॲडमिनला वाचता येईल अशी ठेवलेली होती, आणि ॲडमिन आता आम्हीच होतो.

मुलाने बंद करायची किल्ली एक आणि उघडायची दुसरी असली दोन किल्ल्यांची पद्धत वापरली असती, तर डब्यात फक्त बंद करायची सापडली असती आणि आम्ही चहाच पीत बसलो असतो. ती पद्धत जास्त सुरक्षित आहे. त्या दिवशी मला तिचा अभाव गोड लागला, एवढं खरं.

मंगळवार रात्रीपर्यंतचा टॅलीचा डेटा मिळाला. बुधवारच्या नोंदी ऑफिसातल्या मॅडमनी बिलं पुढ्यात घेऊन पुन्हा केल्या.

मग पुढे काय, हा प्रश्न आला. मित्राची कल्पना अशी: बारा अक्षरांचा पासवर्ड, सहा अक्षरं त्याच्याकडे, सहा बायकोकडे. ऐकायला समजूतदार, पण गणितात वाईट. बारा इंग्रजी अक्षरांच्या शक्यता सुमारे ९५४ कोटी कोटी. त्यातली सहा कळली की उरतात जेमतेम ३१ कोटी, म्हणजे कॉम्प्युटरचा किरकोळ नाश्ता. शिवाय दोघांपैकी एक कागद हरवला की सगळंच गेलं.

याचं देखणं उत्तर इस्रायली संगणकशास्त्रज्ञ आदी शमीर यांनी दिलं, तेही १९७९ मध्येच. गुपित १७ आहे असं धरा. आलेखाच्या कागदावर उभ्या अक्षाच्या १७ वरून एक तिरकी रेघ काढा, दर पावलाला ६ ने चढणारी. पहिल्या पावलावर तिची उंची २३, दुसऱ्यावर २९, तिसऱ्यावर ३५. नवऱ्याला २३ द्या, बायकोला २९, सातपूरच्या भावाला ३५. कोणतेही दोघे एकत्र आले की दोन बिंदूंतून रेघ काढतील आणि ती मागे नेऊन १७ वाचतील. एकट्याकडे एकच बिंदू, आणि एका बिंदूतून रेघा कितीही जातात, त्यामुळे त्याला गुपिताचा अर्धाच काय, काहीच भाग कळत नाही. प्रत्यक्षात संख्या प्रचंड असतात आणि गणित घड्याळासारखं फिरून येणारं असतं, पण कल्पना हीच. शमीर यांनी सुरुवातीला एक कोडं दिलंय: अकरा शास्त्रज्ञ, एक कपाट, किमान सहा जण हजर असले तरच उघडावं. साध्या कुलपांनी हे करायचं तर कुलपं लागतात ४६२ आणि प्रत्येकाच्या खिशात २५२ किल्ल्या.

मित्राने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हे माझ्या पार्ट्यांना सांगू नकोस, हिशेबही असेच वाटून ठेवतील." शेवटी पासवर्ड आणि बॅकअपची किल्ली कागदावर लिहून पाकिटात, पाकीट बँकेच्या लॉकरमध्ये. डबा फिल्टरखालून काढून कुलपाच्या कपाटात गेला आणि बॅकअपची दुसरी प्रत दर शनिवारी सातपूरला भावाकडे जाते.

नक्कल केलेल्या डिस्कवर तो जुना ठसा अजून आहे. मित्राच्या परवानगीने एका रविवारी मी त्यावर अंदाज चालवून पाहिले: देवांची नावं, गावांची नावं, ऑफिसचं नाव, पुढे सालं जोडून. काही लागलं नाही. दिवाळीत त्या मुलाचा फोन आला, शुभेच्छांचा. मित्राने पहिला प्रश्न तोच विचारला.

"दादा, तो मी टाइप केलाच नव्हता," तो म्हणाला, "कॉम्प्युटरनेच बनवून दिलेला होता, मी नुसता कॉपी-पेस्ट केला."